चाके की पट्टे? चिलखती गाडीची किंमत कशी वाचावी

२०२१ या एकाच वर्षात संरक्षण मंत्रालयाने चिलखती वाहनांचे तीन मोठे सौदे जाहीर केले. मार्चमध्ये महिंद्रा डिफेन्सकडून १,३०० हलकी चिलखती वाहने, १,०५६ कोटी रुपयांना. जूनमध्ये सुधारित बीएमपी-२ च्या १५६ गाड्या, सुमारे १,०९४ कोटींना. त्या तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनायच्या होत्या. सप्टेंबरमध्ये ११८ अर्जुन एमके-१ए रणगाडे, ७,५२३ कोटींना, चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्याकडून. भागाकार केला की एका गाडीमागे अनुक्रमे ८१ लाख, ७ कोटी आणि जवळपास ६४ कोटी रुपये पडतात. पहिली गाडी चार चाकांवर धावते, उरलेल्या दोन पोलादी पट्ट्यांवर.

हे आकडे शेजारी शेजारी पाहून ‘चाकांची गाडी स्वस्त, पट्ट्यांची महाग’ असे म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. या तीन गाड्यांची कामे वेगळी आहेत. पहिली गस्त घालणाऱ्या चार-सहा जवानांना बंदुकीच्या गोळीपासून वाचवते. दुसरी सात पायदळ सैनिकांना तोफेसह शत्रूच्या खंदकापर्यंत नेते. तिसरी समोरचा रणगाडा फोडते. खरेदी सरकार करते, पैसे मात्र आपले असतात, आणि आत बसणारी मुले सातारा, सांगली, नगरच्या घरांतली असतात. म्हणून पुढच्या वेळी असा सौदा जाहीर झाला की कोणते प्रश्न विचारायचे, एवढे तरी आपल्याला माहीत असायला हवे.

आधी सारख्याला सारखे लावा

एकाच देशाने, एकाच वर्षी, एकाच सैन्यासाठी दोन्ही प्रकारच्या गाड्या घेतल्याचे उदाहरण मिळाले तर तुलना प्रामाणिक होते. असा देश आहे स्लोव्हाकिया. त्याने २०२२ मध्ये फिनलंडच्या पॅट्रिया कंपनीच्या आठ चाकी ७६ गाड्या ४४ कोटी ७० लाख युरोंना ठरवल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटी स्वीडनच्या पट्टेवाल्या सीव्ही-९० या १५२ गाड्या सुमारे १३० कोटी युरोंना. म्हणजे चाकांची एक गाडी साधारण ५९ लाख युरोंना, पट्ट्यांची साधारण ८६ लाखांना. युरो ९० रुपयांचा धरला तर ५३ कोटी आणि ७७ कोटी. पट्टेवाली दीडपटीच्या आसपास महाग. तोफ, दुर्बिणी, क्षेपणास्त्रे यांचा संच दोन्हींत तंतोतंत सारखा नसतो, तरी खरा फरक या पल्ल्यातला आहे. २०२१ च्या आपल्या आकड्यांतून वाटतो तसा ऐंशी पटींचा नव्हे.

आता हाच ५३ कोटींचा आकडा आपल्या ७ कोटींच्या बीएमपीशेजारी ठेवा. आठ चाकांची नवी युरोपीय गाडी आपल्या पट्टेवाल्या गाडीच्या सात-आठ पट महाग निघते! कारण साधे आहे. बीएमपी-२ हा सोव्हिएत आराखडा. आपण तो ‘सारथ’ नावाने मेदकला १९८७ पासून बनवतो. कारखाना उभा आहे, साचे तयार आहेत, कामगारांचा हात बसलेला आहे, संशोधनाचा खर्च केव्हाच फिटला आहे. शिवाय तिचे चिलखतही त्या काळाचे, पातळ. त्यामुळे चाके की पट्टे, यापेक्षा आराखडा कोणत्या दशकातला आणि तोफेच्या फिरत्या बुरुजात काय बसवले आहे, यावर किमतीचा मोठा भाग ठरतो. रात्रीची थर्मल दुर्बीण, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र आणि धावत्या गाडीतून नेम धरणारी यंत्रणा, या तीन गोष्टी कोणत्याही सांगाड्यावर बसवा, बिल चढणारच.

परदेशी सौद्यात आणखी एक गोष्ट पाहायची. अमेरिकेने २०२३ मध्ये बल्गेरियाला १८३ स्ट्रायकर गाड्या विकायला मंजुरी दिली, तेव्हा जाहीर आकडा होता १५० कोटी डॉलर. भागाकार केला तर गाडीमागे ८२ लाख डॉलर, म्हणजे ८५ रुपयांच्या भावाने जवळजवळ ७० कोटी रुपये. पण त्या रकमेत सुटे भाग, शस्त्रे, रेडिओ, प्रशिक्षण, तांत्रिक मदत असे सगळे असते आणि ती कमाल मर्यादा असते. ‘एक गाडी ७० कोटींना’ अशी बातमी वाचली तर त्या गठ्ठ्यात आणखी काय काय आहे, ते आधी शोधावे.

गाडी जाणार कुठे?

माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि बातम्यांत तोच सर्वांत कमी विचारला जातो.

उभा माणूस जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास दाब देतो. १४ टनांची बीएमपी-२ साधारण ०.६५ किलो देते, ४६ टनांचा टी-९० रणगाडा ०.९ किलोच्या आसपास. आठ चाकांची चिलखती गाडी वजनाने रणगाड्याच्या निम्मी असली तरी तिचा दाब रणगाड्याच्या दुप्पट-तिप्पट भरतो, कारण टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतो ती जागा लहान असते. टायरमधली हवा चालत्या गाडीत कमी करता येते, त्याने दाब उतरतो. पण पट्ट्याची बरोबरी होत नाही. पेरलेले ओले शेत, कालव्याची माती, वाळूचे टेकाड, बर्फाचा थर इथे हा फरक अंगावर येतो.

पट्टा म्हणजे हमी, असेही समजू नका. १९६५ मध्ये असल उत्तरला पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळूत त्यांचे रणगाडे अडकले आणि जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांना आयते सापडले. पट्टे असूनही जमीन हरवते, हे या दोन लढायांनी दाखवले. तिथे चाके असती तर काय झाले असते याचा अंदाज कोणीही बांधावा.

आपल्या सैन्याने चाके वापरूनच पाहिली नाहीत, असेही नाही. १९७१ च्या सुमारास आपल्याकडे आठ चाकांच्या स्कॉट आणि पट्ट्यांच्या टोपास, अशा दोन्ही पूर्व युरोपीय गाड्या होत्या. पुढे २ एप्रिल १९७९ रोजी मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली, तिचे केंद्र नगरला आले आणि बीएमपीने दोन्हींची जागा घेतली. पंजाबचे कालवे आणि राजस्थानची वाळू समोर ठेवून केलेली ती निवड होती. त्या जमिनीसाठी ती मला आजही योग्य वाटते.

याउलट फ्रान्स पाहा. त्याची फौज आफ्रिकेत जात असे, जिथे अंतरे हजार-हजार किलोमीटरांची आणि जमीन बहुतांशी कोरडी, कडक. त्याने पायदळाची पट्टेवाली एएमएक्स-१० पी काढून आठ चाकांची व्हीबीसीआय आणली. जानेवारी २०१३ मध्ये मालीत उतरल्यावर चाकांच्या गाड्या स्वतःच्या बळावर उत्तरेकडे लांब धावल्या. तिथे पट्टे नेले असते तर प्रत्येक गाडीमागे ओढून नेणारा ट्रेलर लागला असता. पण फ्रान्सचीच चाकांची एएमएक्स-१० आरसी २०२३ मध्ये युक्रेनला मिळाली, आणि समोरासमोरच्या हल्ल्यासाठी तिचे चिलखत फार पातळ आहे, असे तिथल्या एका अधिकाऱ्याने वृत्तसंस्थेला सांगितले. ती वेगवान टेहळणीसाठी बनवलेली गाडी. तिला रणगाड्याचे काम दिले गेले. आत बसलेल्यांनी त्याची किंमत मोजली.

पोहोचवण्याचे बिल

पट्टेवाली गाडी लांब अंतर स्वतः चालत जात नाही. चालवता येते, पण पट्टे झिजतात, रस्ता उखडतो, इंजिनाचे तास संपतात. म्हणून तिला रेल्वेच्या सपाट वॅगनवर मिलिटरी स्पेशलने नेतात, पुढे टँक ट्रान्सपोर्टरवर चढवतात आणि शेवटचे काही किलोमीटरच ती स्वतः धावते. ट्रान्सपोर्टर, त्याचा चालक, त्याचे डिझेल, वाटेतल्या पुलाची ताकद हे सगळे तिच्याच खर्चात धरायला हवे. सीमेकडच्या पुलांवर, पूल किती भार पेलतो त्याचा वर्ग लिहिलेली गोल पाटी असते. बॉर्डर रोड्सवाले आता ठिकठिकाणी वर्ग ७० चे पूल बांधत आहेत ते जड वाहने पलीकडे जावीत म्हणूनच. तो खर्च रणगाड्याच्या सौद्यात कधी दिसत नाही.

१ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांनी झोजिलावर सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढवले. ते आपल्या इतिहासातले अभिमानाचे पान आहेच. पण त्यासाठी वाटेतले पूल मजबूत करावे लागले, बुरुज उतरवून रणगाडे पुढे न्यावे लागले, सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद केली. आणि ते रणगाडे आजच्या टी-९० च्या एक तृतीयांश वजनाचे होते.

गलवानच्या चकमकीनंतर हवाई दलाने पूर्व लडाखला काय काय वाहून नेले, त्याचे आकडे २०२३ मध्ये वृत्तसंस्थांनी दिले: सुमारे ९० रणगाडे, जवळजवळ ३३० बीएमपी, ६८ हजारांहून अधिक जवान आणि एकूण ९,००० टनांहून जास्त भार. गुणाकार करून पाहा. बीएमपी १४.३ टनांची, रणगाडा ४०-४५ टनांचा; या दोघांचेच वजन आठ हजार टनांच्या पुढे जाते. म्हणजे त्या प्रचंड हवाई वाहतुकीतला बहुतेक भार पट्टेवाल्या गाड्यांचा होता. सी-१७ एका फेरीत जास्तीत जास्त ७७ टन उचलते, आणि अशी विमाने आपल्याकडे अकराच आहेत.

आठ चाकांची गाडी श्रीनगरहून झोजिलामार्गे किंवा मनालीहून अटल बोगद्यातून लेहला चारशे-सव्वाचारशे किलोमीटर स्वतः जाऊ शकते. लडाखसाठी चाकांच्या गाड्यांचा आग्रह धरला जातो, त्यामागे हा हिशेब आहे. पण झोजिला हिवाळ्यात बंद होतो, आणि लेहच्या पुढे, खिंडी ओलांडून पठारावर उतरल्यावर नदीकाठची भुसभुशीत रेती लागते. म्हणून तिथे दोन्ही लागतात: लवकर पोहोचणारी चाकांची आणि शेवटपर्यंत जाणारी पट्ट्यांची. २५ टनांचा जोरावर रणगाडा पट्ट्यांवरच बांधला, पण हलका ठेवला, तो याच विचाराने.

डिझेल

टाकीचे लिटर भागिले एका टाकीत जाणारे किलोमीटर, एवढा साधा भागाकार करा. हे रस्त्यावरचे आकडे आहेत. रान लागले की सगळेच वाढतात.

स्ट्रायकर, आठ चाकी: १०० किलोमीटरला साधारण ३८ लिटर.
बीएमपी-२: साधारण ८० लिटर.
अमेरिकेची पट्टेवाली ब्रॅडली: साधारण १४० लिटर.
टी-९०, बाहेरची पिंपे धरून: साधारण २९० लिटर.
अमेरिकेचा एब्रॅम्स, टर्बाइन इंजिनाचा: ४४० लिटरच्या वर.

पन्नास गाड्यांचा ताफा ४०० किलोमीटर न्यायचा तर स्ट्रायकरला सुमारे ७,६०० लिटर लागतील, बीएमपीला १६,०००. नव्वद रुपयांच्या भावाने फरक साडेसात लाखांचा. तोफगोळ्यांच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. पण पंपावरचा भाव इथे लागू होत नाही. २००९ मध्ये पेंटॅगॉनच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीला सांगितले की अफगाणिस्तानातल्या दुर्गम ठाण्यांवर एक गॅलन इंधन पोहोचवायला ४०० डॉलरपर्यंत खर्च येतो. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. आपल्याकडे लडाखमध्ये साधे डिझेल गोठते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. ते तिथवर नेणारे टँकर, त्यांचे चालक, त्यांचे संरक्षण हा त्या प्रत्येक लिटराचा भाव आहे. इंधन वाचवणारी गाडी म्हणजे घाटात कमी टँकर, आणि कमी टँकर म्हणजे कमी माणसे धोक्यात. मला हा मुद्दा रुपयांपेक्षा मोठा वाटतो.

दुरुस्ती

पट्टा म्हणजे पिनांनी जोडलेल्या पोलादी कड्यांची साखळी. दातेरी स्प्रॉकेट तिला ओढते, आतली चाके तिच्यावर धावतात. कडी झिजते, पिन झिजते, रबर फाटते, टॉर्शन बार तुटतो. पट्ट्याचे आयुष्य काही हजार किलोमीटरांत मोजायचे. वाळूत आणि दगडांत ते आणखी घटते. पट्टा उतरला की चालक-गनर मंडळींना पहारी आणि हातोडे घेऊन खाली उतरावे लागते, अंधार असो वा थंडी. नॉर्वेने सीव्ही-९० ला अखंड रबरी पट्टे लावून पाहिले. वजन, आवाज आणि हादरे कमी झाले. पण त्यांची स्वतःची किंमत आहे, आणि तुटला तर कडी बदलून भागत नाही.

चाकांच्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, टायर हे बऱ्याचदा व्यापारी ट्रकच्या घराण्यातले असतात. सुटे भाग मिळतात, मेकॅनिक लवकर तयार होतो. आठातले एक-दोन टायर फुटले तरी गाडी लंगडत बाहेर निघते. पट्टा तुटला की जागेवर उभी. त्यामुळे शांततेच्या काळात, सरावाच्या किलोमीटरांवर, चाके निर्विवाद स्वस्त पडतात. नगरजवळच्या के. के. रेंजवर चालणाऱ्या सरावात रणगाड्याचा प्रत्येक किलोमीटर राखून वापरला जातो आणि सिम्युलेटरवर भर दिला जातो, त्याचे कारण हेच. खडकीला चिलखती वाहनांचा केंद्रीय डेपो आहे. सुट्या भागांचा साठा किती वर्षांचा आणि तो कुठून येणार, हा प्रश्न अशा डेपोपर्यंत जातो. करारात त्याचे उत्तर नसेल तर पुढे तेच भाग दुप्पट भावाने आणावे लागतात.

किती गाड्या प्रत्यक्ष चालू अवस्थेत राहतात, हेही विचारा. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मन सैन्याने सरावाला नेलेल्या १८ पुमा गाड्या, जगातल्या सर्वांत आधुनिक पट्टेवाल्या गाड्यांपैकी, सगळ्याच्या सगळ्या बंद पडल्या. बहुतेक बिघाड किरकोळ होते, लवकर दुरुस्तही झाले. पण नाटोच्या कामासाठी काही काळ १९७१ च्या मार्डर गाड्या पुढे कराव्या लागल्या.

वजन वाढत जाते

चाकांची गाडी घेणाऱ्याने स्ट्रायकरची कथा नीट वाचावी. मूळ अट होती की ती सी-१३० विमानातून जावी, म्हणून वजन १८-१९ टनांत ठेवले. २००३ च्या अखेरीस ती इराकला गेली. रॉकेट लाँचरपासून वाचवायला भोवती लोखंडी जाळीचा पिंजरा बसवला, सुमारे दोन-सव्वादोन टनांचा. टायरवर भार आला, हवा पुन्हा पुन्हा तपासावी लागू लागली, मऊ जमिनीवर गाडी आणखी रुतू लागली. अफगाणिस्तानात सपाट तळाखाली सुरुंग फुटून जवान गेले, तेव्हा २०११ मध्ये दुहेरी व्ही आकाराचा तळ आला आणि वजन पुन्हा वाढले. जवानांचे प्राण वाचले, त्यामुळे तो बदल करायलाच हवा होता. मात्र विमानातून सहज नेण्याची जी सोय दाखवून गाडी घेतली, ती हातची गेली. चाकांना वजनाची कमाल मर्यादा लवकर गाठते. पट्ट्यांना बरीच उशिरा. सौद्यात ‘पुढे किती टन चढवता येतील’ हे लिहिलेले असायला हवे.

कोणासाठी काय

पोलिसांना पट्टेवाल्या गाडीचा काही उपयोग नाही. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले. ते खासगी गाडीतून जात होते. व्ही आकाराच्या तळाची चाकांची गाडी स्फोटाचा जोर बाजूला वळवते, हे काश्मीरमध्ये कॅस्पिरने दाखवले आहे. पुण्याच्या भारत फोर्जची कल्याणी एम-४ ही त्याच जातीची; फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने तिच्यासाठी १७७.९५ कोटींची मागणी नोंदवली. तरीही त्याच कच्च्या रस्त्यावरून रोज जाणारी सुरुंगरोधक गाडी नक्षलवाद्यांना मोठा सुरुंग पेरायला शिकवते. तिथे पायी चालणाऱ्या, पोलिसांच्या सी-६० कमांडो तुकडीला पर्याय नाही. गाडी फक्त जखमींना काढायला आणि कुमक न्यायला हवी.

शांतिसेनेचा हिशेब वेगळा. संयुक्त राष्ट्रे देशाला प्रत्येक वाहनामागे मासिक भाडे देतात आणि चाकांच्या व पट्ट्यांच्या गाड्यांचे दर वेगळे असतात. काँगोत आपण पांढऱ्या रंगाच्या बीएमपी नेल्या, कारण पावसाळ्यात तिथे रस्ता उरत नाही.

येत्या काळात खरी निवड आठ चाकांच्या गाडीवर होईल. फेब्रुवारी २०२५ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात स्ट्रायकरच्या सहउत्पादनाचा उल्लेख आहे. दुसरीकडे नगरच्या व्हीआरडीई प्रयोगशाळेने टाटांसोबत घडवलेली ‘व्हॅप’ आहे. तिचाच एक अवतार एप्रिल २०२२ मध्ये पुण्याच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये लष्करप्रमुखांच्या हस्ते सैन्यात दाखल झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत बेरेशिदला तिचा कारखाना सुरू झाला. माझा कौल व्हॅपला आहे. ती पाण्यात तरते आणि तिचा आराखडा आपल्या हातात आहे, त्यामुळे वीस वर्षांनी सुट्या भागासाठी कोणाचे दार ठोठावावे लागणार नाही. स्ट्रायकर लढाईत तावूनसुलाखून निघालेली आहे, हे मान्य. पण ती तरत नाही, आणि पंजाबच्या कालव्यांपुढे ती उणीव लहान नाही.

दोन्ही जाती डोळ्यांनी पाहायच्या असतील तर नगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. १९९४ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या चाकांच्या चिलखती गाडीपासून पॅटनपर्यंत सगळे मांडले आहे. रणगाड्याच्या समोर उभे न राहता बाजूला जा. पट्ट्याची रुंदी, दोन कड्यांमधली पिन आणि स्प्रॉकेटचे झिजलेले दात बघा; मग चाकांच्या गाडीचा टायर जमिनीला किती टेकतो ते बघा. मुलांना घेऊन जाणार असाल तर सकाळी जा, कारण बहुतेक गाड्या उघड्यावर आहेत आणि दुपारी पोलाद हात लावू देत नाही.